पोरगं न्यायला येतासा, तर या

गंगावेश, कोल्हापूर
२० जून १९८६

आकाराम पाटील यांस,

सुरवातीला नमस्कार लिवलेला न्हाय, शोधत बसू नगासा.

नऊ वर्षांनी तुमचं पत्र आलं. पोस्टमन दूधकट्ट्यावरच आलता. माझी म्हस अर्धी पिळून झालेली, हात अडकलेलं, म्हणून मी त्यालाच म्हणलं, वाच की. त्यानं दोन ओळी वाचल्या आणि कागदाची घडी घातली. म्हणला, बनाबाई, हे घरी जाऊन निवांत वाचा. दुधाचा पेला हातात धरून सगळी गिऱ्हाइकं ऐकत उभी. इतक्या वर्षांनी आलासा ते बी माझी शोभा करतच आलासा.

घरी जाऊन वाचलं. ज्ञानू दहावीला नापास झाला, टोळक्यात फिरतोय, मारामाऱ्या करतोय, हे सगळं तुम्हांला भिवंडीत बसून कळलं. एकट्या बाईच्या हातनं पोरगं बिघडणारच, त्यात ती कानडी, तिला मराठ्याचं पोर काय वाढवता येणार, असं तुमचं म्हणणं. दिवाळीला येतो, पाडवा झाला की पोराला घेऊन जातो, ट्रकवर क्लीनर म्हणून लावतो, आपोआप वळण लागंल.

माझं उत्तर एका ओळीचं हाय. ज्ञानू माझा हाय आणि माझ्यापाशीच राहणार.

तरीबी जीभ खाजती म्हणून पुढं लिवते. तुमच्या तिकडच्या घरात दोन्ही पोरीच झाल्या, हे मलाबी हितं बसून कळतंय. तुम्ही गेलासा तवा ज्ञानू सहा वर्षांचा, अंगभर गोवर उठलेला. तवा तो तुम्हांला नगं हुता. आता मिसरूड फुटलंय, पेंडीचं पोतं एकटा खांद्यावर घेतोय, तर तो मराठ्याचं पोर झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते ह्यालाच.

आणि मी कानडी हाय हे तुम्हांला आत्ता दिसलं व्हय? ह्याच कट्ट्यावर तुम्ही रोज सकाळी दूध प्यायला यायचासा. माझा बाप म्हस पिळायचा, मी पेला हातात द्यायची. आम्ही संकेश्वरकडनं म्हशी घेऊन आलेली गवळ्याची माणसं, घरात कानडी, गिऱ्हाइकासंगं मराठी. तुम्ही ‘हालु कोडरी’ म्हणायला शिकलासा, दूध द्या म्हणायला. एवढं वाकडं म्हणायचासा की म्हशीनं मान वळवून बघावं. बाप हसून बेजार. म्हणायचा, पाटलाचं पोरगं आपली भाषा शिकतंय, म्हंजे मनात काळं न्हाय. बाप माझा भोळा हुता.

तुमच्या गावी, गगनबावड्याकडं, तुमच्या आईनं मला चुलीपाशी येऊ दिलं न्हाय. मी मटण खात न्हाय म्हणून तानाबाईंना राग आणि गळ्यात लिंग बांधते म्हणूनबी राग. सगळं गाव मला ‘कानडी’ म्हणूनच हाक मारायचं, जसं काय मला आईबापानं नावच ठिवलं न्हाय. तुम्ही ऐकून घ्यायचासा. तुमचा तो स्वभावच हाय, ऐकून घेण्याचा.

ज्ञानू मटण खातोय, हे तुमच्या माहितीसाठी. माझ्या घरात शिजत न्हाय, तर तो पिराजीच्या घरी जाऊन खातोय. पिराजी म्हंजे शेजारच्या अंबूबाईंचा थोरला. मी एकदाबी अडवलेलं न्हाय. पोरगं दोघांचं हाय, हे मी तुमच्याआधी मानलंय आणि रोज मानते. तुम्ही ते नऊ वर्षांनी एका पत्रात मानलंसा.

टोळकं म्हणतासा ती तालमीतली पोरं हाईत. मारामारी म्हणतासा, तर जरा दगडबिगड झालं, सीमाप्रश्नावरनं गावात सगळीकडंच चाललंय, पेपरात वाचलं असंल. नापास झाला हे खरं हाय, गणितात गेला, ऑक्टोबरला परत बसणार हाय. बाकी पोरगं झ्याक हाय. सकाळी म्हशी नदीला तोच नेतोय.

बनाबाई

१४ जुलै १९८६

आकाराम पाटील यांस,

तुमच्या हितल्या चुलतभावाचं कान लई लांब हाईत. कोल्हापुरात पोराला ठेच लागली तर भिवंडीत ऐकू येतंय.

व्हय, पोलिसांनी नेलता त्याला. मागच्या पत्रात ते मी गाळलं, कारण ते तुमचं काम न्हाय. आता दुसऱ्याच्या तोंडनं अर्धं ऐकलंच हाय, तर पुरतं ऐका.

तिकडं बेळगावात मराठी माणसांवर कानडी लादत्यात म्हणून हितं गाव पेटलेलं. मोर्चे, बंद, घोषणा. ते चूक असं मी म्हणत न्हाय. कुणाच्या तोंडात दुसऱ्याची भाषा कोंबू नये, हे मला शिकवायला लागत न्हाय. पण ही तालमीतली पोरं स्टँडवर गेली आणि कर्नाटकच्या यष्टीवर दगड टाकलं. ज्ञानू त्यात हुता. एक काच फुटली. कुणी फोडली म्हणून विचारलं तर प्रत्येकजण म्हणतोय, ठावं न्हाय. मला ठावं हाय. पोराच्या तोंडावर लिवलेलं हुतं.

मी दुधाची कासंडी तशीच शेजारणीकडं टाकून ठाण्यावर गेले. साहेब म्हणला, बाप कुठाय? म्हणलं, साहेब, जे काय हाय ते तुमच्यापुढं उभं हाय. तो म्हणला, तेच की बाई, बाप नसला की पोरं अशी हाताबाहेर जात्यात. मग मी त्याला बाकावरचा पिराजी दाखवला. म्हणलं, ह्याला बाप हाय, चुलतं हाईत, आज्जा काठी टेकत अजून तालमीत येतोय. दगड ह्यानंच वाटलं. आता सांगा, ह्याला काय कमी पडलं? साहेबाला हसू आवरंना. संध्याकाळी सगळ्यास्नी दम देऊन सोडलं. तुम्हीबी ह्या प्रश्नाचं उत्तर सवडीनं धाडा.

ज्ञानू घरी आला पण ताटावर बसंना. मला वाटलं मार बसला असंल. पाठ बघितली, वळ न्हाय. दुसऱ्या दिवशी नदीवर म्हशी घासताना, माझ्याकडं पाठ करून, त्यानं सांगितलं. त्या गाडीत एक म्हातारी हुती. काच तिच्या कपाळाला लागली. ती ओरडायला लागली, आणि बाकीच्या पोरास्नी तो नुसता आरडाओरडा हुता, ती हसत हुती. ज्ञानूला मात्र कळलं ती काय म्हणती ते. ती म्हणत हुती, मला दिसंना, माझं गठुळं कुठाय, कुणीतरी माझं गठुळं बघा. कानडीत. माझी अव्वा बोलायची त्याच सुरात, म्हणला. अव्वा म्हंजे माझी आई, जिच्या मांडीवर तो वाढला, कारण मी कट्ट्यावर असायची आणि तुम्ही कुठंच नसायचासा.

एवढं सांगून झालं आणि वर तोंड करून मला म्हणतोय, आजपास्नं घरात कानडी बोलायचं न्हाय.

म्हणलं, का रं?

म्हणला, मला कळाय नगं.

मी म्हणलं, एकदा कळालेलं काढून कसं टाकणार? तर बादली लाथाडून गेला. बादलीला पोचा आलाय.

माझ्या घरात माझी जीभ बांधणारा अजून जन्मायचाय, असं मी त्याला संध्याकाळी सांगितलं. म्हशीसंगं मी कानडीच बोलणार, गिऱ्हाइकासंगं मराठी, आणि तुझ्यासंगं जे तोंडात येईल ते. त्यावर तो उठून तालमीत झोपायला गेला. आता रोज तिकडंच झोपतोय. भूक लागली की येतोय. मी ताट वाढते आणि कानडीत म्हणते, जेव. तो जेवतोय आणि मराठीत म्हणतोय, बास. असं आमचं चाललंय. तुम्ही ह्याला बिघडणं म्हणता. मी म्हणते पंधरा वर्षांचं पोरगं हाय, कशावर तरी रुसणार, आणि माझ्यावर न्हाय तर कुणावर रुसणार? दुसरं हाय कोण त्याला.

तुम्ही लिवलंय, पोराला आत्ताच धाड, दिवाळीपतोर थांबायला नगं. न्हाय धाडत. तुमच्या ट्रकवर वळण लागत असतं तर पहिलं तुम्हांला लागलं असतं.

बनाबाई

१८ ऑक्टोबर १९८६

आकाराम पाटील यांस,

मला टाळून तुम्ही पोराला पत्र धाडलंसा, तालमीच्या पत्त्यावर. आत फोटो. ट्रकला टेकून, चौकड्याचा शर्ट, गॉगल. चांगला डाव टाकलासा. मला राग आला हे कबूल करते, पण पत्र मी फाडलं न्हाय. त्यानं ते उशाखाली ठिवलंय, गादी झाडताना दिसतंय, परत तिथंच ठिवते.

व्हय, आता तो घरी झोपतोय. पाऊस लागला तवा तालीम गळायला लागली.

परवा भाकरी करत हुते. चुलीसमोर येऊन बसला आणि म्हणला, आई, मी भिवंडीला जातो. म्हणलं, का? म्हणला, हितं मला कुणीबी पहिलं तुझ्यावरनंच विचारतंय. मोर्चात पुढं गेलो तर माघारी ओढत्यात, तू कशाला, तुझी आई कानडी. तुझ्या माहेरच्या लग्नात गेलतो तर तिथं म्हणत्यात, ह्याला वरच्या पंगतीला घेऊ नका, ह्याचा बाप मराठा, हा मटण खातोय. भिवंडीत मी आकाराम पाटलाचा पोरगा. बास. पुढं कोण विचारणार न्हाय.

तुम्हांला काय वाटलं असंल ते वाटूं दे, पण मला त्याचं खरं वाटलं. दोन्हीकडनं हाकललेलं पोरगं तिसरीकडं जायचं म्हणणारच. मी त्याला पोटात घेतलं तवा मला कुणी सांगितलं नव्हतं, की ह्याला बसायला जागा वेगळी करावी लागंल म्हणून. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मी म्हणलं, जायचं तर जा. हे म्हणताना माझा हात थांबला न्हाय. भाकरी करपली, ती मी खाल्ली.

म्हणजे आता तुम्ही जिंकलासा असं समजू नगासा. पहिल्या पत्रात मी म्हणलतं, तो माझ्यापाशीच राहणार. आता म्हणते, तो सोळाव्यात हाय, त्यालाच ठरवूं दे. मी त्याला दावणीला बांधणार न्हाय. पण माझी एक अट हाय, आणि ती मी त्यालाबी सांगितली. न्यायचं तर पाडव्याला या. म्हशींच्या मिरवणुकीला सगळं गाव रस्त्यावर असतंय. तालमीतली पोरं असतील, गवळ्याची माणसं असतील, तुमचा तो चुलतभाऊबी असंल. त्या सगळ्यांच्या देखत पोराच्या खांद्यावर हात ठिवायचा आणि म्हणायचं, हा माझा पोरगा हाय. एवढं म्हणा आणि न्या. मी त्याची पिशवी भरून ठिवते. मागल्या दारानं, पत्रातनं, फोटोतनं न्यायचं न्हाय.

मिरवणुकीची त्याची तयारी जोरात हाय. आमची गौरव्वा तुम्ही बघितलेली न्हाय, तुमच्या माघारी घेतली. संकेश्वरच्या बाजारातनं रेडकू आणलं, अव्वानं आणि मी वाढवलं. आता काळी कुळकुळीत, शिंगं पाठीपतोर. ज्ञानूनं तिचं नाव बदललंय. आता तिला राणी म्हणायचं. शिंगं घासून तेल लावलंय, गळ्यात कवड्यांची माळ, पायात तोडे. आणि अंगावरचं केस कातरून तिच्या कुशीवर काय लिवलंय ठावं हाय? ‘बेळगाव आमचं’. संकेश्वरच्या म्हशीवर. मी म्हणलं, तिला विचारलंस का? तर म्हणतोय, आई, तू हसू नगंस.

रोज सकाळी तिला पळायचा सराव देतोय. तो पिराजीच्या राजदूत फटफटीवर मागं बसतोय, तोंड मागं करून, आणि ‘चल राणी, चल राणी’ म्हणून ओरडतोय. ती पळती. मी मागनं येत असते. मला म्हणला, पाडव्याला तू येऊ नगंस. आलीस तर बाजूला उभी रहा आणि तोंड उघडू नगंस. मी म्हणलं, बरं. शब्द दिलाय, तो पाळणार.

तुम्ही तुमचा पाळा.

बनाबाई

१५ नोव्हेंबर १९८६

आकाराम पाटील यांस,

तुमचं पत्र आलं. ऐन दिवाळीत गुजरातची फेरी लागली, मालकानं सुट्टी दिली न्हाय, कोल्हापूरला येता आलं न्हाय, मनाला लई लागलं. आता पोराला गाडीत बसवून दे, मी ठाण्याला उतरवून घेतो.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मोठ्यानं हसले. म्हस दचकली.

तुम्ही आलतासा. नदीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, रसाच्या बंद गाड्याला टेकून उभं हुतासा. तोच चौकड्याचा शर्ट. गॉगल नव्हता. मी समोरच्या पायरीवर उभी. मला वाटलं, आला बाई माणूस. शपथेवर सांगते, मला वाटलं, आता हा पुढं येणार, आणि माझं पोरगं जाणार. पिशवी मी खरंच भरून ठिवलती. दोन नवीन चड्ड्या, अंगाला लावायचं तेल आणि अव्वाची गोधडी.

पण तुम्ही पुढं यायच्या आधी काय झालं ते तुम्ही बघितलंसा. तुम्ही आलाच न्हाय म्हणतासा, म्हणून परत सांगते.

पिराजीनं राजदूतचा सायलेन्सर काढलेला. एवढा आवाज की म्हाताऱ्या माणसांनी कान झाकलं. ज्ञानू मागं बसला, भगवा फेटा बांधून. ओरडला, चल राणी. गौरव्वा जागची हलंना. परत ओरडला. पिराजीनं रेस वाढवली. म्हस रस्त्याच्या मधोमध चारी पाय रोवून उभी. मागं दुसऱ्यांच्या म्हशी अडकल्या, त्यांचं मालक शिव्या द्यायला लागलं. पोरं हसायला लागली. ‘बेळगाव आमचं’ जागचं हलंना, असं कुणीतरी म्हणलं आणि सगळा रस्ता हसला.

मला कारण कळलं. रोज सराव करताना पोराला वाटायचं, ती त्याच्या ‘चल राणी’ला पळती. ती पळायची माझ्या हाकेला. मी मागनं चालत यायची आणि माझ्या नकळत तोंडातनं जायचं, बा यव्वा, बा. ये गं आई, ये. लहानपणापास्नं तिला तेच ठावं. माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाय, आणि राजदूतच्या आवाजात त्याला ऐकूच आलं न्हाय. पण मी शब्द दिलेला, तोंड उघडणार न्हाय. दातावर दात ठिवून उभी राहिले.

त्या गर्दीत ती हाक तुम्हांलाबी ठावी हुती. माझ्या बापाच्या म्हशी तुम्ही त्याच हाकेवर नदीला नेल्यात. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही आकाशाकडं बघितलंसा.

तेवढ्यात कुणीतरी फटाक्याची माळ टाकली. गौरव्वा उधळायला बघायला लागली, शिंगं फिरवली, आणि ज्या बाजूला वळली तिथं बारकी पोरं बसलेली. तवा ज्ञानू गाडीवरनं उतरला. फेटा सुटून खांद्यावर आलेला. तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि हाक मारली. बा यव्वा, बा. मोठ्यानं, सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशी. कानडीत, अव्वाच्या सुरात. म्हशीनं कान टवकारलं. तो पळायला लागला आणि ती त्याच्या मागं पळायला लागली, पार नदीपतोर, आणि तो सारखा ओरडतोय, बा, बा, बा. गाडी नगं, काय नगं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अंबूबाई माझ्या दंडाला धरून रडत हुत्या, कशाला ते त्यांनाच ठावं.

माघारी येताना तो दमलेला, घामानं भिजलेला, म्हशीच्या मानेवर हात टाकून. तुम्ही अजून गाड्यापाशीच. पिराजी पुढं आला. म्हणला, शेवटी कानडीच निघालास की रं.

ज्ञानू म्हणला, व्हय. मग?

एवढ्यावर भागलं असतं. मला तर त्या ‘व्हय, मग’लाच साखर वाटावी वाटली. पण पिराजीची गाडी रिकामी पळाली, त्याला ते झोंबलं. तो म्हणला, आईची जात तरी कळली. बाप कोण तुझा? हाय का कुणी?

आणि आकाराम पाटील, तुम्ही त्याच्यापास्नं दोन हातांवर हुतासा. तुमच्या शर्टाचा वास त्याला आला असंल. मी अट घातली ती सगळ्यांच्या देखत एक वाक्य म्हणायची. देवानं तुम्हांला प्रश्नच विचारून दिला, नुसतं उत्तर द्यायचं हुतं. मी, जी नऊ वर्षं तुम्हांला मनातल्या मनात शिव्या देते, ती तिथं उभी राहून म्हणत हुते, बोला हो, बोला. पोरगं गेलं तरी चालंल, पण आता बोला.

तुम्ही बोलला न्हाय. नंतर काय झालं ते तुम्हांला ठावं हाय. पिराजीचं पुढचं दोन दात पडलं. तुम्ही गर्दीतनं वाट काढत गेलासा ते मी बघितलं. पाठमोरं मी तुम्हांला कुठंबी ओळखते, सवय हाय.

दुसऱ्याचं दात पाडणं मला मान्य न्हाय. त्याच संध्याकाळी मी पोराला अंबूबाईंच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, पिराजीला चावता येईपतोर सकाळ-संध्याकाळ गौरव्वाचं दूध तू स्वतःच्या हातानं पोचवायचं. तो पोचवतोय. पहिलं काही दिवस पिराजी तोंड फिरवून पेला घ्यायचा. काल दोघं कट्ट्यावर बसून कसलातरी पिक्चर बघायला जायचं ठरवत हुते. पिराजीला शिट्टी वाजवता येईना म्हणून ज्ञानू हसत हुता.

आता तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न. कधी धाडतेस? ते मी सांगणार न्हाय. पिशवी अजून भरलेली हाय, दारामागं खुंटीला हाय. मी त्याला परत म्हणलं, जायचं असंल तर जा, मी रडणार न्हाय. खोटं बोलले, पण म्हणलं. तो म्हणला, मीच लिवतो. म्हणून कागदाचा खालचा भाग सोडलाय. मी ते वाचणार न्हाय, पाकीट तोच चिकटवणार हाय.

मला शेवटी एवढंच म्हणायचंय. एकट्या बाईच्या हातनं पोरगं बिघडतंय, असं पहिल्या पत्रात लिवलंतासा. ह्या बाईनं एकटीनं ते पोरगं असं वाढवलं, की भर रस्त्यात, सगळी हसत असताना, म्हशीपुढं येणाऱ्या परक्याच्या लेकरांसाठी त्यानं स्वतःचं नाक कापून घेतलं. दहावी तो परत नापास होणार असं दिसतंय. होऊं दे.

बनव्वा. तुमच्या घरानं बनाबाई केलं, माझ्या बापानं ठिवलेलं नाव हे.

पावणं,

मी ज्ञानू. आई तिकडं म्हस पिळती आणि सारखी हिकडं बघती.

तुम्ही फोटोतलाच शर्ट घालून आलतासा, म्हणून लगेच ओळखलं. पळत नदीकडं जाताना बघितलं, परत येतानाबी बघितलं. आई म्हणती मी रागाच्या भरात मारलं. तसं न्हाय. पिराज्या बोलला तवा सगळी पोरं माझ्याकडं बघत हुती, मी तुमच्याकडं बघत हुतो. मी थांबलो हुतो. आता बोलतील, आता बोलतील म्हणून लई थांबलो. तुम्ही खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागलासा. अंगठा तुटलेला नव्हता. मग मारलं.

मी येत न्हाय. आई जा म्हणाली, तरी येत न्हाय. तिला हे सांगितलेलं न्हाय अजून, जरा दोन दिवस तिला घोर लागूं दे, लई बोलती.

बेळगाव आमचंच हाय. त्यावरनं माझं आणि आईचं रोज वाजतंय. ती कानडीत भांडती, मी मराठीत. आमचं आम्ही बघून घेतो.

तुमच्या पोरींची नावं काय ते पत्रात कधी लिवली न्हाईसा. त्यास्नी तरी कुणी विचारलं तर बोला.

पुढच्या पाडव्याला म्हशी बघायला परत या. परगावची लई माणसं येत्यात.

ज्ञानू